शेवटचा हात



आजचं वाचन गीतेच्या अठराव्या अध्यायातलं, श्लोक २३ ते २८. कर्माचे तीन प्रकार आणि कर्त्याचे तीन प्रकार. सात्त्विक, राजस, तामस ही विभागणी आपल्याला इतकी तोंडपाठ असते की डोळे ओळींवरून नुसते घसरत जातात. या वेळी मात्र मी दोन जागी अडकलो.

पहिली जागा राजस कर्माची. तिथे भगवंतांनी इच्छा आणि अहंकार यांच्याबरोबर 'खूप आयास' हेही लक्षण सांगितलंय. म्हणजे रात्री जागवल्या, घाम गाळला, हाताला फोड आले, एवढ्यावर काम सात्त्विक ठरत नाही. आपल्या पिढीला हे पचायला जड जातं, कारण 'मी किती राबलो' हेच आपलं मोठं भांडवल असतं. दुसरी जागा तामस कर्त्याची. तिथल्या यादीत शठ आणि दीर्घसूत्री हे दोघं एकाच श्लोकात बसलेत. शठ म्हणजे लबाड. दीर्घसूत्री म्हणजे चालढकल करणारा, काम लांबवत नेणारा. लबाडी आणि चालढकल यांचं एकमेकांशी काय नातं? चालढकल तर आपल्यातले निम्मे लोक करतात, म्हणून ते काय लबाड झाले?

याचा विचार करताना माझ्यासमोर सारखी एक जीप येत होती. हसू नका. माझा मावसभाऊ, त्याला मी दादाच म्हणतो, गेली दोन वर्षं पुण्याबाहेरच्या एका शेडमध्ये एक जुनी जीप दुरुस्त करतोय. दुरुस्त म्हणजे पार हाडापर्यंत उघडून परत उभी करणं. त्याच्या आजोबांची जीप. ते पाटण तालुक्यात गुरांचे डॉक्टर होते. मी जमेल त्या रविवारी तिथे जातो, पॉलिश पेपर घासतो आणि चहा पितो. आता ती जीप शेवटच्या टप्प्यावर आलीय, आणि दोन वर्षांत पडले नव्हते एवढे प्रश्न गेल्या दोन महिन्यांत पडलेत.

ज्यांना जीपची ओळख फक्त रील्समधून आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी अमेरिकी सैन्यासाठी लाखो जीप बनवल्या. युद्ध संपल्यावर विलीजने शेतकऱ्यांसाठी, सामान्य लोकांसाठी तिचीच भावंडं काढली. आपल्याकडे महिंद्रांनी त्यांच्याशी करार करून मुंबईत माझगावला जीपची जोडणी सुरू केली. दादाची जीप आहे ती 'सीजे थ्री बी'. अमेरिकेत हे मॉडेल १९५३ साली आलं आणि पुढे आपल्याकडे इतकं चाललं की ग्रामीण महाराष्ट्रात 'जीप' म्हटलं की हीच डोळ्यांपुढे यायची. ओळखायची खूण म्हणजे उंच बॉनेट. तिच्यातलं इंजिन आधीच्यापेक्षा उंचीला जास्त होतं, ते मावावं म्हणून बॉनेट वर उचललं. सौंदर्याचा काही विचार नाही, गरज म्हणून. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली, समोरची काच पुढे बॉनेटवर आडवी पडते, दारं नाहीत. साधेपणाचा कळसच म्हणायचा.

तर सुरुवातीची दीड-पावणेदोन वर्षं सोपी गेली. सोपी म्हणजे कष्ट प्रचंड होते, पण निर्णय सोपे होते. चॅसीला गंज लागलाय? तो काढायचाच. ब्रेकचे सिलिंडर गळतायत? बदलायचेच. पाट्यांचे बुश गेलेत, वायरिंग उंदरांनी खाल्लंय, फ्लोअरला भोक पडून खालची जमीन दिसतेय. यात 'मला काय आवडतं' हा प्रश्नच नसतो. गाडी सांगते आणि आपण करतो. दादा पुण्यातल्या जुन्या बाजारात बुधवारी, रविवारी खेटे घालून एकेक वस्तू शोधत होता. तेव्हा तो खूप आनंदात होता. नियत कर्म, म्हणजे समोर आलेलं, करायलाच हवं असं काम. सात्त्विक कर्माच्या व्याख्येत हा शब्द आधी येतो, आणि मला वाटतं, तो आधी का येतो हे त्या शेडमध्ये मला थोडं कळलं. गरजेपुढे अहंकाराला फारशी जागा उरत नाही.

मग इंजिन चालू झालं. पेढे वाटले. आणि उरला शेवटचा हात.

मराठीत आपण शेवटचा हात 'फिरवतो' म्हणतो. काम झालेलं असतं, फक्त वरून हात फिरवायचा. पण आता गाडी काही मागत नव्हती. रंग कोणताही दिला तरी ती चालणारच होती. त्यामुळे आता पहिल्यांदा दादाला स्वतःला ठरवायचं होतं, आणि जिथे निवड आली तिथे 'मी' आला. आधी 'हिला काय हवंय' असं बोलणारा माणूस हळूहळू 'मला ही अशी दिसायला हवीय' असं बोलायला लागला. त्याला ते कळलंही नाही. मी बाहेरचा म्हणून मला ऐकू आलं.

त्यातच एक गिऱ्हाईक आलं. रिसॉर्ट चालवणारे गृहस्थ. जीप त्यांना पसंत पडली, आकडाही चांगला बोलले. दोन वर्षांचा सगळा खर्च निघून वर काही उरेल असा. अट एकच: गाडी 'आर्मी लूक'मध्ये हवी. मिलिटरी हिरवा रंग, बॉनेटवर पांढरा तारा, बाजूला स्टेन्सिलने सैन्याचा नंबर. आलेल्या पाहुण्यांना सांगता येईल, महायुद्धातली जीप आहे म्हणून. दादाने हो-नाही काही केलं नाही. घरी येऊन त्याने फोनवर तसं चित्र करून पाहिलं आणि खरं सांगतो, जीप फार देखणी दिसत होती.

आता प्रश्न असा की यात चूक काय? कोणी कोणाला तोंडाने खोटं बोललेलं नाही. रंग आहे, तारा आहे, हौस आहे. गॅदरिंगला पोरगं जिरेटोप घालून स्टेजवर येतं तेव्हा आपण त्याला खोटारडं म्हणतो का? नाही म्हणत, कारण तो वेष आहे हे त्याला, आपल्याला, सगळ्या हॉलला माहीत असतं. मग जीपच्या ताऱ्याचं काय?

माझं मत स्पष्ट आहे, आणि ते मी दादालाही सांगितलं. उंच बॉनेटची जीप १९५३ ची. महायुद्ध संपलं १९४५ ला. ती तिथे असूच शकत नाही. तो तारा लावल्याने किंमत वाढत असेल, आणि पाहणाऱ्याला खरं माहीत नसल्यामुळेच ती वाढत असेल, तर तो वेष राहत नाही. ते विधान होतं, तोंडाऐवजी ब्रशने केलेलं. सतराव्या अध्यायात वाणीच्या तपात सत्य, प्रिय आणि हितकर असं बोलणं सांगितलंय. आपण त्याचा अर्थ फक्त जिभेपुरता घेतो. पण आपण बायोडाटाने बोलतो, प्रोफाइलच्या फोटोने बोलतो, घराच्या भिंतीवर लावलेल्या वस्तूंनी बोलतो. जो तारा कमावलेला नाही तो छातीवर लावणं हे गाडीच्या बाबतीतही खोटंच आहे. आणि एक गंमत बघा, ज्याला खरंच कळतं तो एका नजरेत ओळखतो. युद्धातल्या जीपच्या जाळीला साधारणपणे नऊ खाचा असतात, नंतरच्या नागरी जीपला सात. म्हणजे कळणाऱ्यापुढे हसं आणि न कळणाऱ्याची फसवणूक. या दोन्हींत जीपचा मान कुठे राहिला?

पण हा वाद मी जिंकलो नाही. तो संपवला आजींनी. दादाच्या या आजी, डॉक्टरांच्या पत्नी, वय सत्त्याऐंशी. त्यांनी फोनवरचं चित्र डोळ्याजवळ नेऊन पाहिलं आणि विचारलं, "ह्यो तारा कशाचा रं? हे कुठं लढाईला गेलेवते?" हे म्हणजे आजोबा. सगळे हसले. दादा हसला नाही. त्याच्या लक्षात आलं की तारा लावायचा म्हणजे आधी आजोबांना पुसायचं. एका माणसाने तीस वर्षं चिखलातून जाऊन म्हशी-गाईंचे जीव वाचवले, त्याला मोठेपण द्यायला ते पुरेसं नाही, म्हणून त्याच्या गाडीला उसना पराक्रम आणायचा. आजींना एवढं सगळं म्हणायचं होतं की नाही कोण जाणे. त्यांनी फक्त विचारलं.

इथे मला एकनाथ महाराज आठवतात. ज्ञानेश्वरी पूर्ण झाली शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९०. पुढच्या सुमारे तीनशे वर्षांत पोथ्या नकलून नकलून त्यात पाठभेद शिरले, चुका शिरल्या, कोणाकोणाच्या ओव्या शिरल्या. शके १५०६ मध्ये नाथांनी वेगवेगळ्या प्रती ताडून पाहिल्या आणि ग्रंथ शुद्ध केला. आज आपल्या भाषेत बोलायचं तर हे रिस्टोरेशनच. आणि शेवटी त्यांनी बजावून ठेवलं की यात कोणी आपली ओवी घालू नये. तसं करणं म्हणजे अमृताने भरलेल्या ताटात करवंटी ठेवण्यासारखं आहे. हे सांगणारा माणूस कोण होता ते लक्षात घ्या. एकनाथी भागवत लिहिणारा, भावार्थ रामायण लिहिणारा, भारुडांनी गावंच्या गावं हलवणारा कवी. त्यांना एक ओवी सुंदर करणं काय अवघड होतं? ज्याला काहीच येत नाही त्याने हात आवरण्यात विशेष काही नाही. ज्याच्या हातात एवढी कला आहे त्याने तो हात मागे घेतला, हे मोठं. आजच्या वाचनात सात्त्विक कर्त्याला 'अनहंवादी' म्हटलंय, 'मी मी' न बोलणारा. नाथांचं ते काम म्हणजे या शब्दाचं चालतंबोलतं उदाहरण वाटतं मला.

पण तुलना फार ताणायची नाही, कारण ती एका ठिकाणी तुटते. ज्ञानेश्वरीला एक कर्ता आहे. मूळ काय होतं हा प्रश्न अवघड असला तरी त्याला अर्थ आहे. जीपचं मूळ काय? दादाने मडगार्डच्या एका कोपऱ्यात रंग हळूहळू घासून पाहिला. जुनी गाडी घासली की रंगांची वर्तुळं दिसतात, झाडाच्या खोडासारखी. वर लाल, तो नंतरच्या मालकाने दिलेला. त्याखाली पांढरा. त्याखाली राखाडी. आणि अगदी तळाशी पुसट हिरवा. आजोबांनी ती सरकारी लिलावात घेतली होती, म्हणजे हिरवा बहुधा आधीचा आणि राखाडी आजोबांचा. आता मूळ कोणतं? कारखान्यातला दिवस मूळ, की ज्या दिवशी ती एका घराची झाली तो दिवस? जाणकार मंडळी सांगतील, कारखान्यातला. कायदाही साधारण तसंच बघतो. २०२१ पासून पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी विंटेज नोंदणीचा वेगळा नियम आला, त्यातही गाडी मूळ रूपात हवी, चॅसी, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार नकोत, अशी अट आहे. नोंदणीपुरतं ते बरोबर आहे. पण श्रद्धेने एखादी वस्तू सांभाळणाऱ्याला तेवढं उत्तर पुरत नाही.

पंढरपूरचं बघा. २०२४ मध्ये विठ्ठल मंदिरात जतनाचं काम झालं, त्यासाठी पदस्पर्शदर्शन काही आठवडे बंद होतं. नंतरच्या काळात बसवलेल्या फरश्या, रंग काढून आतला जुना काळा दगड मोकळा केला. ज्या भक्तांनी कधीकाळी ती फरशी बसवायला पैसे दिले असतील त्यांचीही ती भक्तीच होती ना? ती काढावी लागली. आणि दुसरीकडे मूर्तीच्या पायांची झीज हा वर्षानुवर्षांच्या काळजीचा विषय आहे. ती झीज कशाने झाली? आपल्याच स्पर्शाने, अभिषेकाने. प्रेमाने घातलेलंही काढावं लागतं आणि प्रेमाने झिजलेलंही जपावं लागतं. हे मनात घेऊन मी जेव्हा दादाच्या जीपकडे पाहतो तेव्हा गिअरच्या दांड्याची गुळगुळीत झालेली मूठ मला वेगळी दिसते. ती बदलायची नाही असं ठरलं. ब्रेकच्या पॅडलचं रबरही तसंच झिजलेलं होतं, तेही आजोबांच्याच पायाने. ते मात्र बदललं, कारण पावसाळ्यात पाय घसरतो. यात भावनेला विचारायचं कारण नाही.

खरी अडचण दोन खुणांची होती. एक, मागच्या फळक्याच्या वरच्या काठावर पडलेली खाच, करंगळी बसेल एवढी. आजारी वासरं, रेडकं मागे घालून आणायची, त्यांचा दोर तिथून बाहेर घेऊन बांधायचे. वर्षानुवर्षं दोर घासून पत्रा खाल्ला गेला. दुसरी, डाव्या बाजूला मागे मोठा पोचा. कुंभार्ली घाटात एका रात्री गाडी कठड्याला घासली त्याचा. पेंटर म्हणाला, दोन्ही तासाभराचं काम आहे साहेब, पत्रा ठोकतो, पुट्टी मारतो, कळणारसुद्धा नाही. दादाच्या मनात दोन्ही ठेवायचं होतं. आजकाल जुन्या गाडीच्या जखमा ठेवायची फॅशनच आहे म्हणा. काही लोक तर नव्या रंगावर मुद्दाम गंज रंगवून घेतात!

त्याने आजींना विचारलं. मला वाटलं होतं त्या डोळ्यांना पदर लावून 'राहू द्या' म्हणतील. खाचेबद्दल त्या म्हणाल्या, "ते असू दे, तिथं दोर बांधायचे." बास, एवढंच. पोच्याबद्दल मात्र लगेच म्हणाल्या, "त्यो काढा." त्या रात्री आजोबांबरोबर त्यांचे कंपाउंडर होते. त्यांचा पाय कायमचा अधू झाला. आजोबा पुढे कितीतरी वर्षं त्या बाजूने गाडीत चढताना तिकडे बघायचे नाहीत, हे आजींनी आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. आपण ज्याला 'कॅरॅक्टर' म्हणत होतो ते कोणाचं तरी ओझं होतं.

परंपरेत एक गोष्ट सांगतात. नाथांना स्वप्नात ज्ञानोबा दिसले. म्हणाले, अजानवृक्षाची मुळी माझ्या गळ्याला लागलीय, येऊन काढ. नाथ आळंदीला गेले, समाधीत उतरले आणि मुळी काढली. लहानपणी मी यात फक्त चमत्कार ऐकायचो. आता वेगळंच लक्षात येतं. नाथांनी झाड तोडलं नाही. अजानवृक्ष आजही आळंदीत आहे, त्याच्या छायेत लोक ज्ञानेश्वरीचं पारायण करत बसतात. काळाने वाढवलेलं सगळंच काढायचं नव्हतं, सगळंच ठेवायचंही नव्हतं. जी मुळी गळ्याला लागत होती तेवढीच काढायची. आणि ती कुठे लागतेय हे बाहेरून पाहणाऱ्याला कळलं नसतं, ज्याच्या गळ्याला लागत होती त्याने सांगितलं तेव्हा कळलं. पोचा गेला, खाच राहिली. रंग राखाडी.

आता त्या शठ आणि दीर्घसूत्रीकडे येतो, कारण ते कोडं माझ्यापुरतं शेडमध्येच सुटलं.

आधी दीर्घसूत्री. ज्यांनी जुन्या गाड्यांचा नाद जवळून पाहिलाय त्यांना माहीत असेल, शेडा-शेडांमधून नव्वद टक्के झालेल्या गाड्या वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली उभ्या असतात. इंजिन झालंय, रंग झालाय, फक्त अमुक एक हॉर्न अस्सल मिळायचाय. तमुक काचेचं बीडिंग बाहेरून यायचंय. मालकाला विचारा, तो म्हणेल, "मला तडजोड नकोय." ऐकायला फार छान वाटतं. पण बरेचदा खरं कारण वेगळं असतं. गाडी पूर्ण झाली की ती रस्त्यावर न्यावी लागेल, लोक बघतील, ती गळेल, बंद पडेल, आणि मनातली गाडी संपेल. 'काम चालू आहे' म्हणणाऱ्याला कोणी नापास करत नाही. आपल्यातल्या कितीजणांचे थीसिस, अॅप, कादंबऱ्या अशा ताडपत्रीखाली आहेत? आळस दिसतो वरून, आत भीती असते, आणि भीतीला आपण निष्ठेचं नाव दिलेलं असतं. हे नाव बदलणं हीच लबाडी. म्हणून ते दोघं एका श्लोकात असावेत, असं मला वाटतं. कोणी टीकाकारांचा आधार मागू नका, माझ्या वाचनातून आलेलं सांगतोय. सात्त्विक कर्त्यापाशी धृती आणि उत्साह अशी जोडी सांगितलीय. उत्साहाने जीप उघडता येते, पण बंद करायला धृतीच लागते.

आणि शठ कुठे भेटतो? घाईत. दसऱ्याला गाडी पूजेला बाहेर काढायचीच, मग गंज पूर्ण न खरवडता वरून पुट्टी थापायची. वर दोन हात रंग, कंपाउंड मारून आरशासारखी चकाकी. पहिल्या दिवशी फोटो अप्रतिम येतात. पण पुट्टी थोडंफार पाणी धरते, आतला गंज वाढत राहतो, आणि दोनेक पावसाळ्यांत रंगाला फोड येतात. म्हणून जुनी गाडी घेणारे मुरलेले लोक खिशात छोटं लोहचुंबक ठेवतात. रंगावर टेकवून बघतात. खाली पत्रा असेल तर चिकटतं, जाड पुट्टी असेल तर गळून पडतं. गाडी कितीही गोड दिसू दे. मंडी डबवालीसारख्या ठिकाणी जुन्या जीप नव्याने बांधून विकायचा मोठा धंदा आहे, तिथे जाणाऱ्यांनाही जाणकार आधी हाच सल्ला देतील.

दादाच्या शेवटच्या हातातला मला सगळ्यात आवडलेला भाग कोणालाच दिसणार नाही. स्टिअरिंगच्या सांध्यांवर, चाकांच्या हबवर नट असतात, त्यांना खाचा असतात. त्या खाचेतून आणि बोल्टच्या भोकातून आरपार एक स्प्लिट पिन घालायची आणि तिचे पाय दुमडायचे. म्हणजे धक्क्यांनी नट फिरून सुटत नाही. पिनेची किंमत काही रुपये. जुनी काढलेली पिन सरळ करून परत घातली तरी दिसायला तीच दिसते, पण एकदा वाकवलेली तार दुसऱ्यांदा वाकवली की कमजोर होते. दादाने सगळ्या पिना नव्या घातल्या, आडवं पडून, तोंडावर ग्रीस घेऊन. शेडमधला पोरगा म्हणाला, "दादा, जुन्या चालतात की, कोण बघतंय?" दादा काही बोलला नाही, पुढची पिन मागितली. त्या वेळी त्याच्या तोंडात 'मी' नव्हता आणि 'कशी दिसेल'ही नव्हतं. सुरुवातीच्या दिवसांतला दादा मला तिथे परत दिसला. म्हणजे शेवटच्या हातात अहंकार येतोच असं नाही. दिसणाऱ्या भागापेक्षा न दिसणाऱ्या भागात तो कमी येतो, एवढं मात्र नक्की.

रिसॉर्टवाल्यांना दादाने कळवलं की तारा लागणार नाही. त्यांनी परत फोन केला नाही. खर्च अंगावर आहे, वहिनी अधूनमधून त्याची आठवण करून देतात आणि ते योग्यच आहे. तत्त्व एकाचं आणि हप्ते दोघांचे, असं होता कामा नये. दादा आता शनिवारी दुसऱ्यांच्या गाड्यांचं वायरिंग करून देतो. जीप विकायची की नाही हे अजून ठरलेलं नाही. विकली तरी चालेल, असं मला वाटतं. जो घेईल त्याला खाच कशाची ते सांगितलं म्हणजे झालं.

हुडाचं कापड अजून शिवून आलेलं नाही. दादाने त्यासाठी थांबायचं नाही असं ठरवलं आणि गेल्या महिन्यात आजींना पुढे बसवून उघडी जीप पाटणला नेली, डोक्याला स्कार्फ, मांडीवर डब्यात थालीपीठं. परत आल्यावर त्याने ती पुन्हा शेडमध्ये घेतली. काही बिघडलं नव्हतं. नवीन जोडलेली गाडी पाच-सहाशे किलोमीटर चालली की चाकांचे नट, पाट्यांचे यू-बोल्ट, इंजिनचे माउंटिंग सगळं एकदा परत आवळून घ्यायचं असतं, आणि इंजिनचं पहिलं तेलही तेव्हाच बदलायचं असतं. या रविवारी तेच काम आहे. मी दहाला पोचतोय, कोणाला यायचं असेल तर कळवा. जुने कपडे घालून या.

राम कृष्ण हरी.